तुमची सुई बघा

तिरपेकाकांचं आडनाव तिरपे नाही. रेकॉर्ड दिव्याखाली तिरपी धरून बघायची त्यांची सवय, त्यावरून लोकांनी ठेवलेलं ते नाव. नव्या माणसाला ते खरंच वाटायचं. एकदा सामान पोचवायला आलेल्याने त्याच नावाने सही मागितली. काकांनी केली. वर म्हणाले, "आता मागे घेता येत नाही. सही झाली."

दुकान जुन्या सामानाचं. पुढे खुर्च्या, आरसे, टेबलपंखे, एकेक बशी कमी असलेले कपांचे सेट. मागच्या भिंतीला लाकडी खोक्यांत रेकॉर्डी. दुर्मिळ, महागाचा माल तिथे येत नसे. तो वाटेतच कुणीतरी उचललेला असे. कुणी घर बदललं, कुणी वारलं, की उरलंसुरलं तेवढं इथे यायचं. स्वस्तातला माल. ज्यांना गाणं हवं असतं आणि खिसा साथ देत नाही, अशा माणसांसाठी.

समोरच्या छापखान्यात मी मुद्रितं तपासते. साहित्याची पदवी घेतल्यावर मिळालेलं पहिलं काम. छापखान्यात जेवायला जागा नव्हती आणि दुकानात विकायला ठेवलेल्या खुर्च्या होत्या, म्हणून मी दुपारी डबा घेऊन तिकडे जायचे. आवडायला लागलेली खुर्ची पुढच्या आठवड्यात विकली गेलेली असायची. काका मला 'कानामात्रा' म्हणायचे.

"काय कानामात्रा, आज किती मारल्या?"

"माशा नाही मारत काका, चुका काढते."

"तेच ते. बसल्या जागी बारीक बारीक काहीतरी टिपायचं. फरक एवढाच, तू डोळ्यांनी टिपतेस, मी कानांनी."

काकांचं उभं आयुष्य लाकडाच्या वखारीत गेलं होतं. मोठ्या करवतीवर. दिवसभर करवत आणि संध्याकाळी गाणी. वखार बंद झाली तेव्हा दुकानाच्या मालकाने, म्हणजे त्यांच्या मित्राने, त्यांना मागचा कोपरा दिला. मित्र गेला. आता दुकान त्याची बायको चालवते. काका तिला वहिनी म्हणतात, ती त्यांना भावजी. काका नव्या माणसासमोर दोन्ही पंजे उघडून दाखवायचे. "करवतीवर जन्म काढला आणि दहाही बोटं जागच्या जागी. माझ्याएवढा सावध माणूस दाखवा."

त्यांचं काम मी रोज जेवता जेवता बघायचे. रेकॉर्ड कडेने धरायची. लेबलवर अंगठा टेकवायचा नाही. फुंकर मारायची. मग दिव्याखाली तिरपी करून हळूहळू फिरवायची. ओरखडा दिसला की त्यावरून नख न्यायचं. नख अडकलं तर सुई अडकणार. मधल्या भोकाभोवती बारीक पांढऱ्या रेघा असतील तर ती पुष्कळ वाजलेली आहे. आंधळ्यासारखी प्लेयरची मधली दांडी शोधत किती वेळा बसवली असेल, ते त्या रेघा सांगतात. मग कव्हरचा वास घ्यायचा. ओल लागली असेल तर नाक आधी सांगतं. एवढं झालं तरी काका निकाल द्यायचे नाहीत. "नखाला लागत नाही ते कानाला लागतं," म्हणायचे. जड, झिजलेल्या सुईने आतून खरवडलेली रेकॉर्ड बाहेरून चकचकीत असू शकते. म्हणून शेवटी ती प्लेयरवर ठेवायची, कानाला हेडफोन लावायचे, आणि सुरुवात, मध्य, शेवट अशी तीन ठिकाणी ऐकायची. स्पीकर लावलेला वहिनींना चालत नसे. गिऱ्हाईक खुर्चीचा भाव विसरतं आणि गाण्यावर डोलत बसतं, असं त्यांचं म्हणणं.

मग कव्हरच्या आतल्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक शब्द. चारच शब्द होते. कोरी. बरी. कुरकुरी. भिंतीची. भिंतीची म्हणजे कव्हर तेवढं भिंतीवर टांगा, आतली विसरा.

खिडकीत एक जुनी रेकॉर्ड उभी असायची. तिचं नाव कढई. लावली की तळण टाकल्यासारखा आवाज यायचा, म्हणून. काकांची ती मोजपट्टी होती. नव्या गिऱ्हाइकाला समजावताना तिच्याकडे बोट दाखवायचे, "हिच्यापेक्षा वाईट वाजली तरच भिंतीची." लावून मात्र दाखवायचे नाहीत. "सुई फुकट का झिजवा? माझ्या डोक्यात आहे ती. कुठे तडतडते, कुठे टक्क होतं, सगळं पाठ."

लोक न ऐकता रेकॉर्डी घ्यायचे. कोपऱ्यातला शब्द बघायचे आणि पिशवीत टाकायचे. एवढीच काकांची कमाई होती, असं मला वाटतं. त्या कोपऱ्यात त्यांच्या हाताने लिहिलेलं कुणी तपासून बघत नसे.

कुणी रेकॉर्ड परत घेऊन आलंच, तर काकांचं उत्तर ठरलेलं होतं.

"तुमची सुई बघा."

हे ते चिडून म्हणायचे नाहीत. डॉक्टरने पथ्य सांगावं तसं म्हणायचे. गिऱ्हाईक ओशाळं होऊन परत जायचं.

गेल्या वर्ष-दोन वर्षांत काका खुशीत होते. माल चांगला यायला लागला होता. 'भिंतीची' असं लिहिलेलं मी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. "हल्ली लोक जपून वापरतात," ते म्हणायचे. "माणूस सुधारतोय बरं का, कानामात्रा. तुझ्या पुस्तकांत काही का लिहिलेलं असेना."

मला ते वाक्य आवडलं होतं. मी ते कुठेतरी वापरायचं ठरवलं होतं.

दुकानाच्या दाराची बिजागरी किंचाळायची. नुसती कुरकुर नाही, दात आंबतील अशी किंचाळी. वहिनी म्हणायच्या, "भावजी, तेवढं तेल घाला हो तिला." काका म्हणायचे, "कुणाला?" आम्ही हसायचो. आम्हाला वाटायचं, आळशीपणा करतात. बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. मला वाटायचं, किती मन लावून ऐकतात. काकू एकदा दुकानात आल्या होत्या तेव्हा म्हणाल्या, "यांना जगातलं सगळं ऐकू येतं, माझं सोडून." त्यावरही आम्ही हसलो होतो. काकाही हसले. सगळे हसले म्हणून हसले असतील.

जुन्या गिऱ्हाइकांत एक शिलाईवाल्या ताई होत्या. दोन गल्ल्या पलीकडे वरच्या मजल्यावर एकट्या राहतात, शाळेचे गणवेश शिवतात. दिवसभर पायाखाली मशीन आणि बाजूला गाणं. त्यांचा प्लेयर त्यांच्या भावाने स्वतः जोडून केलेला होता. भाऊ रेडिओ दुरुस्त करायचा. तरुणपणीच गेला. प्लेयरची पेटी फळीची, एक पाय वेगळ्या उंचीचा, त्याखाली घडी केलेली चिंधी. मी तो कधी बघितला नाही. काकांनी सांगितलेलं आठवतं. "वेडावाकडा आहे, पण आवाज असा गोड की बस."

वर्षभरापूर्वी ताई पहिल्यांदा रेकॉर्ड परत घेऊन आल्या. खरखरते म्हणाल्या. काकांनी तिरपी धरून बघितली, हेडफोन लावून ऐकली. "तुमची सुई बघा, ताई." ताईंनी सुई बदलली. पुन्हा आल्या. तेव्हा काका जरा गंभीर झाले. "मग यंत्रच गेलंय. जुनं झालं. ते आता तुमच्या रेकॉर्डी खातंय. ठेवू नका घरात." ताईंना जड गेलं असणार. पण काका म्हणाले म्हणजे म्हणाले. त्यांनी भावाचा प्लेयर भंगारवाल्याला दिला आणि नवा घेतला.

आणि त्या दुपारी त्या तिसऱ्यांदा आल्या.

दार किंचाळलं. मी डबा उघडत होते. ताईंनी पिशवी छातीशी धरली होती.

"भाऊ, परत आले. रागावू नका."

"रागवायचं काय त्यात? या, बसा. ही खुर्ची विकायची आहे, पण बसायला हरकत नाही."

ताई बसल्या नाहीत. "नव्या प्लेयरवरही तसंच वाजतंय," त्या म्हणाल्या. "म्हणजे दोष सुईचा नाही, यंत्राचा नाही. मग माझ्याच कानात काहीतरी झालंय. भाची म्हणते, डॉक्टरकडे जाऊ. म्हटलं, आधी भाऊंना विचारते."

हे सांगताना त्यांचा चेहरा उतरला होता. चोरी पकडल्यासारखा.

काकांनी रेकॉर्ड काढली. दिव्याखाली तिरपी केली. कव्हरच्या कोपऱ्यात त्यांचंच अक्षर होतं. कोरी.

"वय होतं, ताई," ते म्हणाले. फार मऊ आवाजात. "सगळ्यांचंच होतं. नसलेले आवाज ऐकू येतात म्हणे. मनाला लावून घेऊ नका. थांबा, तुम्हालाच ऐकवतो."

त्यांनी हेडफोनची तार काढली. वहिनींनी हरकत घेतली नाही. स्पीकर लागला.

गाणं सुरू झालं. म्हणजे व्हायला हवं होतं. तापल्या तव्यावर पाण्याचे हबके मारावेत तसा आवाज दुकानभर झाला. गाणाऱ्या बाईचा आवाज त्याच्या पलीकडे कुठेतरी होता. बंद दाराआड कुणी बोलत असावं तसा.

काकांनी डोळे मिटले. बोटं टेबलावर ताल धरत होती.

"ऐका," ते म्हणाले. "आरसा आहे आरसा."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या कपातल्या चहाकडे बघत होत्या. माझ्या हातात घास होता. तो खाली ठेवायचा की तोंडात घालायचा, ते मला कळेना.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मग वहिनींकडे. मग काकांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे. बराच वेळ तिथेच बघत राहिल्या.

"हो, भाऊ," त्या म्हणाल्या. "स्वच्छ आहे."

काकांनी डोळे उघडले. "मग? दोष कानाचाच की नाही?"

"कानाचाच," ताई म्हणाल्या.

त्यांनी रेकॉर्ड पिशवीत घातली आणि त्या गेल्या. दार किंचाळलं.

"बिचारी," काका म्हणाले. "सगळं आयुष्य गाण्यावर शिवलं आणि म्हातारपणी कान गेले."

मला वाटलं, वहिनी बोलतील. वहिनींना वाटलं असेल, मी बोलेन.

"काका," मी म्हटलं. "मलाही ऐकू आलं."

"काय?"

"खरखर. खूप."

ते हसले. "तुला रेकॉर्डीतलं काय कळतंय, कानामात्रा? वहिनी, हिला सांगा."

"मला तरी काय कळतंय त्यातलं," वहिनी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "थोडी होती, भावजी."

"थोडी?"

"जरा जास्तच होती."

काका आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत राहिले. आम्ही थट्टा करतोय का, ते शोधत होते. मग उठले आणि खिडकीतून कढई आणली. तिच्यावरची धूळ फुंकली. सुई ठेवली.

तो आवाज मला लिहिता येणार नाही. वहिनींनी नकळत खांदे वर घेतले.

काका थांबून ऐकत होते. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "हिला कुणी धुतलं का?"

"नाही हो," वहिनी म्हणाल्या. "कोण धुणार?"

"मग ही अशी कशी..." ते वाकले. कान स्पीकरला लावला. "इथे तडतडायची. आणि पुढे टक्क व्हायचं. इथे. आता."

टक्क झालं.

"झालं?" त्यांनी मला विचारलं.

"झालं."

"मोठ्याने?"

मी मान हलवली.

त्यांनी सुई उचलली. खोक्यापाशी गेले आणि एकेक कव्हर उघडून कोपरा वाचायला लागले. कोरी. कोरी. बरी. कोरी. मोठ्याने वाचत होते. पोरं पाढे म्हणतात तसं. मधेच थांबले.

"आणि मी म्हणतोय, लोक जपून वापरायला लागले."

वहिनी पुढे आल्या. "भावजी, एवढं काय त्यात? स्वस्तातल्या रेकॉर्डी. कोण एवढं कान देऊन ऐकतंय? आत्तापर्यंत चाललं, पुढेही चालेल. मी कुणाला काही सांगत नाही. ही पण नाही सांगणार."

"मी ऐकत होतो ना, वहिनी," काका म्हणाले. "मी कान देऊन ऐकत होतो."

त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. दारापाशी गेल्यावर थांबले. दार थोडं उघडलं, थोडं मिटलं. पुन्हा उघडलं. वळून माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावर जे होतं ते त्यांनी वाचलं.

त्यानंतर ते आलेच नाहीत. खिडकीतली कढई प्लेयरवरच राहिली. मी छापखान्यात उभ्याने जेवायला लागले. वहिनींसमोर बसायला नको वाटत होतं. आमच्यात भांडण नव्हतं. दोघींनी एकाच वेळी खाली बघितलं होतं, एवढंच.

शेवटी मी त्यांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं.

"ये बाई. आधी ऐकत नव्हते, पण बोलायचे तरी. आता तेही बंद." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "कानाच्या डॉक्टरकडे नेलं. बारीक आवाज सगळे गेलेत म्हणाला. परत यायचे नाहीत. करवतीने खाल्ले म्हणाला, थोडे थोडे करून. मी इतकी वर्षं भांडत होते गं. मला वाटायचं, मुद्दाम करतात."

काका आत खाटेवर बसले होते. पंजे मांडीवर उघडे.

"सगळं लक्ष बोटांवर होतं," ते म्हणाले. "बोटं सांभाळत राहिलो."

मी बाजूला बसले. ते एकेकाची आठवण काढायला लागले. त्यांनी 'सुई बघा' म्हणून परत पाठवलेल्या माणसांची. एक दाढीवाले मास्तर. एक नवं जोडपं, नवरा बायकोला म्हणाला होता, तूच हात लावलास. एक पोस्टातले गृहस्थ, ते तर सुया बदलून बदलून गाणं ऐकायचंच सोडून बसले. काका कुणालाही वगळत नव्हते. मला तिथून उठावंसं वाटत होतं.

"आणि ताई," ते म्हणाले. "तिला मी म्हटलं, वय होतं. तिने हो म्हटलं. का म्हटलं?"

मी खाटेवरच्या चादरीची सुरकुती सरळ करत राहिले.

"तिला तिथेच कळलं. हो ना?"

"हो."

"मला ऐकू येत नाही, हे तिला माझ्या आधी कळलं. आणि मी तिला डोळे मिटून गाणं ऐकवत होतो."

"काका, तिला माहीत आहे. आता जाऊन काय सांगणार?"

"तिला माहीत आहे. पण मला कळलंय, हे तिला माहीत नाही. मी गेलो नाही तर कुणी मला नाव ठेवणार नाही. तू नाही, वहिनी नाही. तीही नाही. म्हणूनच गेलं पाहिजे. तू येशील? तिचा आवाज बारीक आहे. एखादा शब्द सुटला तर?"

आम्ही गेलो. जिना अरुंद होता. काका तोंडातल्या तोंडात काहीतरी घोकत होते.

ताईंची खोली एवढीशी. खिडकीला मशीन, दोरीवर बिनबाह्यांचे सदरे. कापड बेतायच्या टेबलावर नवा प्लेयर होता. त्यावर फडकं टाकलेलं, फडक्यावर खडू आणि कात्री. तो वाजत नसावा बरेच दिवस.

"ताई, माझे कान गेलेत," काका म्हणाले. जिन्यात घोकलं होतं ते हे नसावं.

ताईंनी मशीनच्या चाकावर तळवा ठेवला. मशीन थांबलं. "माहीत आहे."

"रेकॉर्डीच खराब होत्या."

"माहीत आहे."

"तुमच्या भावाचं यंत्र चांगलं होतं."

यावर ताई 'माहीत आहे' म्हणाल्या नाहीत. त्यांनी सुईखालचं कापड सोडवलं, दोरा तोडला. घडी घातली. ती घडी पुन्हा उलगडली.

"मी भंगारवाल्याकडे जाऊन आलो," काका म्हणाले. "त्याने केव्हाच तोडलं. तांब्याची तार काढून घेतली. पेटी जाळली."

"मी त्याला शिव्या घातल्या हो," ताई म्हणाल्या.

काकांनी माझ्याकडे बघितलं. शब्द सुटला होता. मला ते वाक्य मोठ्याने पुन्हा म्हणावं लागलं.

"भंगारवाल्याला?" काकांनी विचारलं.

"भावाला," ताई म्हणाल्या. आता मोठ्याने. "मेलेल्या भावाला. म्हटलं, कसलं यंत्र करून ठेवलंस मेल्या, माझ्या सगळ्या रेकॉर्डी खाल्ल्यास. त्याच्या फोटोसमोर उभी राहून बोलले. ते उचलून नेलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, भाऊ. तुम्ही सांगितलं होतं ना. तुमच्या हाताखालून गेलेली रेकॉर्ड खोटी कशी असेल? माझा भाऊच खोटा."

काकांचे कान लाल झाले होते. मला ते बघवेना, म्हणून मी सदऱ्यांकडे बघत होते.

"त्या दिवशी 'स्वच्छ आहे' असं का म्हणालात?" त्यांनी शेवटी विचारलं. "माझी दया आली म्हणून?"

"दया नव्हती," ताई म्हणाल्या. "मला तिथून निघायचं होतं."

मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चहा ठेवते."

काका नको नको म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. आम्ही तिघांनी चहा घेतला. माफ केलं असं ताई म्हणाल्या नाहीत. काकांनीही माफी मागितली नाही. कपबशी धुवायला काका उठले, तेवढं मात्र ताईंनी करू दिलं.

जिना उतरल्यावर काका म्हणाले, "चहा प्यायला नको होता मी."

"त्यांनी दिला, काका."

"म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. सोबत खोडरबर होतं. एकेक कव्हर काढून कोपरा पुसायला लागले. पुसलेल्या जागी लिहायचे, 'फक्त पाहिली'. वहिनींनी एकदा विचारलं, "असं लिहिलं तर कोण घेणार, भावजी?" काका म्हणाले, "ज्याला घ्यायची तो ऐकून घेईल." वहिनींनी स्पीकर टेबलावर पुढे सरकवला. एका गिऱ्हाइकाने कोपरा वाचून विचारलं, "पाहिली म्हणजे काय? ओळखीची आहे का?" काका हसले. पूर्वीसारखे नाही. सुईचं मात्र ते आता कुणालाच काही म्हणत नाहीत.

मग एका दुपारी त्यांनी तेलाची बाटली आणली. मी दारापाशी उभी राहिले. ते बिजागरीत थेंब सोडत होते आणि दार हलवून मला विचारत होते.

"आता?"

"वाजतंय अजून."

"आता?"

"थोडं. खालची."

"आता?"

"नाही. आता नाही."

"खरं सांग."

"नाही वाजत, काका. शपथ."

त्यांनी आणखी एक थेंब सोडला.

त्यामुळे थोड्या वेळाने ताई आल्या ते आम्हाला कळलं नाही. कधी आत आल्या कोण जाणे. मी डब्यातून मान वर केली तर त्या खोक्यापाशी होत्या. एक रेकॉर्ड कडेने धरून दिव्याखाली बघत होत्या. तिरपी.

काकांनी त्यांना बघितलं आणि हातातलं काम थांबवलं. जवळ गेले नाहीत. या म्हणाले नाहीत, बसा म्हणाले नाहीत.

"ही लावा," ताई म्हणाल्या. मोठ्याने, शब्द सुटे करून.

काकांनी हात पुसले. रेकॉर्ड ठेवली, सुई टेकवली. स्पीकर लागलेला होता. दुकानभर खर्र झालं. काका रेकॉर्डकडे बघत नव्हते. ताईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. आणि या वेळी डोळे उघडे होते.

"काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"भिंतीची," ताई म्हणाल्या.

काकांनी पेन्सिल घेतली. कोपऱ्यात लिहिलं.

ताईंनी खोक्यातून पुढची काढून त्यांच्यासमोर धरली.